निधी संकलनावर खर्च किती आणि कशावर? एका उपशामक सेवा संस्थेचा तीन वर्षांचा हिशेब

पार्श्वभूमी

ही संस्था आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना घरी जाऊन सेवा देते. परिचारिका, डॉक्टर आणि समुपदेशक मिळून नऊ पथके आहेत. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, म्हणजे सगळी भिस्त अनुदाने आणि देणग्यांवर. ओळख पटू नये म्हणून नाव, ठिकाण आणि चलन इथे वगळले आहे. सगळ्या रकमा एकाच मापात दिल्या आहेत: निर्णयाच्या आदल्या वर्षी संस्थेचे एकूण उत्पन्न १०० धरले आहे.

त्या १०० पैकी ४५ एकाच मोठ्या अनुदानदात्याकडून येत. लहान अनुदाने १७, वैयक्तिक देणग्या १८, वार्षिक कार्यक्रम १४ आणि किरकोळ ६. वर्षाचा खर्च ९८. राखीव निधी ४१, म्हणजे साधारण पाच महिन्यांची बेगमी.

निधी संकलनासाठी स्वतंत्र माणूस नव्हता. प्रस्ताव संचालक लिहीत, पावत्या लेखा विभाग फाडत असे आणि कार्यक्रमाच्या महिन्यात झाडून सगळी पथके तिकिटे खपवण्याच्या मागे लागत. वार्षिक अहवालात ‘निधी संकलनावर खर्च १०० पैकी फक्त २’ असे ठळक अक्षरांत छापलेले असे. विश्वस्तांना या आकड्याचा अभिमान होता.

अडचण

मोठ्या अनुदानदात्याने कळवले की त्यांचे धोरण बदलले आहे आणि २४ महिन्यांनंतर मदत थांबेल. दोन वर्षांची सूचना मिळणे हे खरे तर नशीबच. अनेकदा एवढा वेळ मिळत नाही.

विश्वस्त मंडळाने आधी वैयक्तिक देणग्यांची खरी स्थिती मागवली. उत्तर द्यायला लेखापालांना पाच आठवडे लागले, कारण नोंदी तीन ठिकाणी होत्या: पावत्यांच्या संगणक प्रणालीत, कार्यक्रमाच्या दरवर्षी नव्याने केलेल्या एक्सेल यादीत आणि समन्वयकांच्या वहीत. एकच माणूस तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या स्पेलिंगने हजर होता.

जुळवाजुळव झाल्यावर हाती आलेले चित्र असे. आधीच्या एका वर्षी ८६० जणांनी पहिल्यांदा देणगी दिली होती. त्यांतल्या १२९ जणांनी पुढच्या वर्षी पुन्हा दिली, म्हणजे १५ टक्के. हा आकडा जगावेगळा नाही. अमेरिकेतल्या ‘फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट’च्या नोंदींतही पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच पुढच्या वर्षी परततो. पण सरासरीच्या पोटात काय दडले होते ते जास्त बोलके होते. या ८६० पैकी ५१० जणांनी कोणाच्या तरी स्मरणार्थ देणगी दिली होती आणि त्यांतले ५१ परतले. कार्यक्रमातून आलेल्या २४० पैकी ३४ परतले. उरलेल्या ११० जणांनी आपण होऊन, काम पाहून पैसे दिले होते; त्यांतले ४४ परतले.

स्मरणार्थ देणाऱ्यांत दहातले नऊ जण का गेले, याचे कारण फाइलीतच सापडले. पावती पोहोचायला सरासरी ३८ दिवस लागत. सोबतचे पत्र सगळ्यांना एकच, त्यात दिवंगत व्यक्तीचा उल्लेखही नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे काही पावत्या फाडताना देणगीदाराच्या रकान्यात ज्यांच्या स्मरणार्थ देणगी आली त्यांचेच नाव भरले गेले होते. त्यामुळे वर्षअखेरचे मदतीचे आवाहन त्या दिवंगत व्यक्तीच्या नावाने घरी जाऊन पडत होते. तक्रारी आल्या होत्या. प्रत्येक वेळी माफी मागितली गेली, रकाना मात्र तसाच राहिला.

दुसरा धक्का कार्यक्रमाच्या हिशेबाने दिला. जमा १४. सभागृह, छपाई, जेवण, ध्वनियंत्रणा असा थेट खर्च ५.२. हा खर्च ‘जनजागृती’ या सदरात टाकला जाई. पथकांनी आणि कार्यालयाने त्यासाठी दिलेले तास पगाराच्या दराने मोजले, तेव्हा आणखी २.९ निघाले. हाती उरले ५.९. म्हणजे जमलेल्या प्रत्येक १०० मागे ५८ खर्च. निधी संकलनाचा संस्थेचा खरा खर्च २ नसून १० च्या वर होता, फक्त तो कागदावर दिसत नव्हता.

अशी लपवाछपवी कोणी वाईट हेतूने करत नाही. ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’ या नियतकालिकात हे दुष्टचक्र मांडले होते: देणाऱ्यांची अपेक्षा अवास्तव कमी खर्चाची, त्या दडपणाखाली संस्था खर्च कमी करतात आणि कमी दाखवतातही, आणि ते आकडे पाहून देणाऱ्यांची अपेक्षा आणखी पक्की होते. इथे तेच घडले होते. आपणच छापलेल्या २ या आकड्यामुळे संस्थेला निधी संकलनावर उघडपणे काही खर्च करणेच अवघड झाले होते.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यक्रम दुप्पट मोठा करावा, ही पहिली सूचना. वर दिलेला हिशेब समोर आल्यावर ती आपोआप बाजूला पडली.

दुसरी सूचना एका विश्वस्तांची होती: एका सल्लागाराला जमलेल्या रकमेच्या २० टक्क्यांवर नेमावे. ‘पैसे आले तरच द्यायचे, मग जोखीम कसली?’ ऐकायला हे बिनतोड वाटते. तरीही टक्केवारीवर मोबदला घेणे किंवा देणे अमेरिकेतल्या ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’च्या आचारसंहितेला मान्य नाही, आणि त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. टक्केवारीवरचा माणूस आज मिळेल तेवढे काढून घेतो. दोन वर्षे ओळख वाढवून मोठी देणगी मागण्यात त्याचा फायदा नसतो. एरवीही आलीच असती अशा देणगीवर त्याला वाटा द्यावा लागतो. देणगीदाराला हे कळले की तो विचारतो, माझ्या पैशातला पाचवा हिस्सा कोणाकडे गेला? इथे समोर शोकात असलेली कुटुंबे होती, त्यामुळे दडपणाचा धोका आणखी मोठा. हा पर्याय एकमताने फेटाळला गेला.

तिसरा पर्याय गंभीरपणे तपासला गेला: बाहेरच्या कंपनीचे लोक रस्त्यावर, दारोदार जाऊन मासिक देणगीदार मिळवतात तो. यात कंपनी प्रत्येक देणगीदारामागे ठरलेली रक्कम आगाऊ घेते. पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास लोक गळणे या पद्धतीत नवलाचे मानले जात नाही. म्हणजे दर घासाघीस करून कितीही कमी केला, तरी टिकणाऱ्या देणगीदाराचा खरा भाव कागदावरच्या दराच्या जवळपास दुप्पट पडतो. भरपूर राखीव निधी आणि चोख मागोवा असेल तर ही पद्धत चालते. इथे दोन्ही नव्हते. गळक्या टाकीत आणखी पाणी ओतण्याचाच तो प्रकार झाला असता.

चौथा पर्याय, आधी आहेत ते देणगीदार टिकवायचे. त्यासाठी एक अनुभवी निधी संकलन अधिकारी, अर्धवेळ नोंद सहायक, एक देणगीदार डेटाबेस, आणि पत्रे व फोनसाठी पैसे. वर्षाचा अंदाज ६: अधिकारी ३.२, सहायक ०.९, डेटाबेस ०.५, पत्रे आणि फोन १, प्रशिक्षण ०.४. या पर्यायामागचे गणित या क्षेत्रात जुने आहे. निधी संकलनावर लिहिणारे अमेरिकन लेखक जेम्स ग्रीनफिल्ड यांच्या नेहमी उद्धृत होणाऱ्या अंदाजानुसार टपालाने नवा देणगीदार मिळवताना १०० जमवायला १२५ ते १५० खर्च येतो, तर आधी दिलेल्याकडून पुन्हा १०० मिळवायला २० ते २५. आकडे अमेरिकेतले आणि टपालाच्या काळातले आहेत, पण अंतर किती मोठे आहे ते त्यातून कळते.

निर्णय आणि त्याला बांधलेल्या अटी

चौथा पर्याय मंजूर झाला, पण सहज नाही. खजिनदारांचे म्हणणे होते की अधिकाऱ्याने निदान स्वतःचा पगार पहिल्या वर्षी काढला पाहिजे. असली अट घातली की अधिकारी झटपट पैसे देणाऱ्या गोष्टींमागे, म्हणजे पुन्हा कार्यक्रमामागे धावतो. म्हणून मंडळाने पहिल्या १८ महिन्यांसाठी रकमेचे लक्ष्य ठेवलेच नाही. त्याऐवजी तिमाहीला चार गोष्टी पाहायच्या ठरल्या: पहिली देणगी आल्यापासून आभार किती तासांत पोहोचले, पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा दिले, मासिक देणगीदार किती आणि मोठ्या देणगीदारांशी प्रत्यक्ष भेटी किती. सलग दोन तिमाह्या यांतल्या तीन गोष्टी ठरल्या रेषेखाली राहिल्या तर खर्च थांबवायचा.

तीन वर्षांच्या १८ पैकी १५ राखीव निधीतून आणि ३ तिसऱ्या वर्षीच्या वाढीव देणग्यांतून येणार होते. राखीव निधी तीन महिन्यांच्या खर्चाखाली जाऊ द्यायचा नाही, ही वेगळी अट. ४१ मधून १५ गेले तरी २६ उरतात. जेमतेम, पण रेषेच्या वर.

एक नैतिक प्रश्न वैद्यकीय प्रमुखांनी उपस्थित केला. रुग्णांच्या नोंदवहीत हजारो कुटुंबांचे पत्ते होते. निधी संकलनासाठी याहून चांगली यादी नाही, हे सगळ्यांना कळत होते. तरीही निर्णय झाला की सेवेसाठी दिलेली माहिती देणगीच्या यादीत कधीच जाणार नाही. ज्या कुटुंबाने आपण होऊन देणगी दिली किंवा संपर्काला लेखी संमती दिली, त्यांचीच नावे डेटाबेसमध्ये येतील. यामुळे यादी वाढण्याचा वेग मंदावला. पण घरात शिरणाऱ्या परिचारिकेवरचा विश्वास हीच या संस्थेची खरी पुंजी होती आणि ती पणाला लावण्याइतके त्या यादीत काही नव्हते.

प्रत्यक्ष काय केले

पहिले चार महिने नव्या अधिकाऱ्याचे नोंदी साफ करण्यातच गेले. तिन्ही याद्या एकत्र करणे, दुबार नावे काढणे, आणि ‘देणारी व्यक्ती’ आणि ‘ज्यांच्या स्मरणार्थ’ असे दोन रकाने वेगळे करणे. पत्र नेहमी पहिल्या रकान्यातल्या नावानेच जाईल असे प्रणालीतच बसवले. शिवाय दर महिन्याला मृत्यूनोंदी पथकांकडून घेऊन त्या नावांना पत्रे थांबवण्याचे काम सहायकाकडे दिले. माहिती फक्त एका दिशेने जाणार होती: सेवेकडून ‘या नावाला पत्र नको’ एवढेच कळेल, उलट काही नाही.

त्यानंतर आभाराची पद्धत बदलली. पावती आणि आभार यांची फारकत केली, कारण पावतीला लेखा विभागाच्या सह्या लागतात आणि आभाराला लागत नाहीत. देणगी आल्यावर ४८ तासांत छोटा संदेश, दहा दिवसांत हाताने सही केलेले पत्र. स्मरणार्थ देणगीत दिवंगत व्यक्तीचे नाव पहिल्याच वाक्यात. पत्रात पुढच्या देणगीचा उल्लेख नाही, बँकेचा तपशील नाही, सोबत कोरा फॉर्मही नाही. सहा महिने या कुटुंबाकडे काहीही मागायचे नाही. चौथ्या महिन्यात फक्त कामाची माहिती देणारे एक पान जाते. पहिली मागणी सातव्या महिन्यानंतर, आणि तीही नेमक्या गोष्टीसाठी: रात्रीच्या वेळी फोनवर उपलब्ध असणारी परिचारिका.

पहिल्यांदा देणाऱ्यांना आभाराचा फोन करण्याचे काम विश्वस्तांनी वाटून घेतले. कागदावर दर आठवड्याला प्रत्येकी पाच फोन. प्रत्यक्षात तिघांनीच नियमाने केले. ज्यांनी केले त्यांच्या बैठकीतल्या बोलण्यात मात्र फरक पडला. देणगीदार म्हणजे ताळेबंदातली ओळ, ही समजूत पाच-सहा फोनांनंतर टिकत नाही.

मासिक देणगी सहाव्या महिन्यात सुरू केली, आणि इथे घाई झाली. वेबसाइटवरचा फॉर्म तयार होता, पण कार्डाची मुदत संपली किंवा खात्यातून पैसे वळते झाले नाहीत तर काय करायचे, हे ठरलेले नव्हते. दुसऱ्या वर्षी ६१ मासिक देणगीदार गळले. तपासल्यावर दिसले की त्यांतल्या २३ जणांनी सोडण्याचा निर्णय घेतलाच नव्हता; त्यांचे कार्ड बदलले होते आणि संस्थेने कळवले नव्हते. आता पैसे न आल्यास तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न, आठव्या दिवशी संदेश आणि पंधराव्या दिवशी फोन असा क्रम आहे.

दहावा महिना

या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा हा. पहिल्या वर्षी वैयक्तिक देणग्या १८ वरून १७ वर येणार हे दिसू लागले होते. कारण समजण्यासारखे होते: सरसकट आवाहने बंद केली होती आणि नवी पद्धत अजून फळाला आली नव्हती. पण ६ खर्चून १ कमी, हे मंडळापुढे मांडणे सोपे नव्हते. खर्च थांबवण्याचा ठराव मांडला गेला.

ठराव पडला तो आधी ठरवलेल्या चार गोष्टींमुळे. आभाराचा वेळ ३८ दिवसांवरून दोन दिवसांवर आला होता. स्मरणार्थ देणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत दुसरी देणगी येऊ लागली होती. मासिक देणगीदार ठरल्या वेगाने वाढत होते (वर्षअखेरीस ते ९६ झाले). चौथी गोष्ट मात्र साफ नापास होती: मोठ्या देणगीदारांशी ४० भेटी ठरल्या होत्या, झाल्या १७. अधिकारी भेट ठरवत, पण समोरच्याला संचालकांशी किंवा डॉक्टरांशी बोलायचे असे आणि त्यांना वेळ नसे. हे अधिकाऱ्याचे अपयश म्हणून नोंदवले गेले असते तर निदान चुकले असते. मंडळाने संचालकांचे आठवड्यातले दोन अर्धे दिवस फक्त भेटींसाठी राखले आणि प्रशासनातली काही कामे दुसरीकडे सोपवली. मोठ्या देणग्या अधिकारी आणत नाही. तो त्या जुळवून आणतो.

विसाव्या महिन्यात अधिकारी दुसऱ्या संस्थेत गेले. या पदावर माणूस टिकत नाही हे जुने दुखणे आहे. ‘कंपासपॉइंट’ या संस्थेच्या २०१३ च्या अमेरिकेतल्या पाहणीत या पदावरच्या जवळपास निम्म्या लोकांनी दोन वर्षांत जागा सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. जागा चार महिने रिकामी राहिली. तरी काम कोलमडले नाही, कारण प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींची नोंद डेटाबेसमध्ये करण्याची शिस्त होती: काय बोलणे झाले, त्यांना कशात रस आहे, काय कबूल केले, पुढे कधी भेटायचे. समन्वयकांची वही असती तर ती त्यांच्याबरोबर गेली असती.

निष्पत्ती

वैयक्तिक देणग्या दुसऱ्या वर्षी २२ आणि तिसऱ्या वर्षी २९ झाल्या. तिसऱ्या वर्षीच्या २९ मध्ये मोठ्या देणग्या ९.६, मासिक ८.४, इतर जुने देणगीदार ८ आणि नवे ३. पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी परतणाऱ्यांचे प्रमाण १५ वरून २७ टक्क्यांवर गेले. वार्षिक कार्यक्रम दुसऱ्या वर्षापासून लहान केला: जमा ९, थेट खर्च २, कर्मचाऱ्यांचा वेळ ०.८, हाती ६.२. आधीपेक्षा थोडे जास्तच, आणि पथकांचे एक महिन्याचे हेलपाटे वाचले.

तरीही ४५ चा खड्डा भरला नाही, आणि या मार्गाने दोन वर्षांत तो भरणारही नव्हता. दोन नव्या अनुदानदात्यांकडून २१ मिळाले. तिसऱ्या वर्षी एकूण उत्पन्न ८२ आणि खर्च ८५ वर आणावा लागला. नऊपैकी दोन पथके बंद झाली. मोठे अनुदान जाणार म्हणून वैयक्तिक देणग्यांत गुंतवणूक करणाऱ्या संस्थेने हे आधीच मांडून ठेवावे: देणगीदारांचा पाया रचायला लागणारा वेळ अनुदानाच्या मुदतीशी जुळत नाही.

परताव्याचा हिशेबही रोखठोक मांडलेला बरा. तीन वर्षांत खर्च १८. आधारवर्षाच्या तुलनेत वैयक्तिक देणग्यांत फरक उणे १, अधिक ४, अधिक ११, म्हणजे एकूण १४. तीन वर्षांच्या शेवटी गुंतवणूक अजून वसूल झालेली नाही. देणग्या तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर राहिल्या तर चौथ्या वर्षाअखेर वाढीची बेरीज २५ आणि खर्चाची २४ होते. दर वर्षाचा ताळेबंद वेगळा पाहणाऱ्या मंडळाने हा प्रयोग दहाव्या महिन्यातच मारला असता.

काय वेगळे करता आले असते

नोंद सहायक आधी आणि अधिकारी नंतर नेमायला हवे होते. ३.२ वर नेमलेल्या अनुभवी माणसाचे चार महिने दुबार नावे शोधण्यात जाणे ही शुद्ध उधळपट्टी होती. ०.९ वरचा सहायक सहा महिने आधी आला असता तर अधिकारी पहिल्या आठवड्यापासून लोकांना भेटले असते.

अहवालातला २ हा आकडाही पहिल्याच वर्षी दुरुस्त व्हायला हवा होता. तो तिसऱ्या वर्षी झाला आणि एकदम १० च्या घरातला आकडा छापल्यावर एका जुन्या अनुदानदात्याने खुलासा मागितला. खुलाशात संस्थेने हिशेबाची पद्धत बदलल्याचे सांगितले आणि मार्गनिहाय खर्च जोडला: कार्यक्रम १०० मागे ३१, मासिक आणि मोठ्या देणग्या वेगवेगळ्या. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांची माहिती आणि पारख देणगीदारांपुढे ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी देणगीदारांना लिहिलेल्या खुल्या पत्रात हेच म्हटले होते की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नये. अनुदानदात्याचे समाधान झाले, पण तीन महिने हप्ता अडकला.

अधिकाऱ्याच्या नियुक्तिपत्रात पगारवाढीची आणि पुढच्या जबाबदारीची वाट लिहिलेली नव्हती. ते गेले ते फार मोठ्या पगारासाठी नव्हे, थोड्या वाढीसाठी आणि हाताखाली दोन माणसे मिळावीत म्हणून. चार महिन्यांची रिकामी जागा आणि लांबलेल्या भेटी धरल्या तर ती वाढ देणे स्वस्त पडले असते. नव्या अधिकाऱ्यांच्या पत्रात १८ व्या महिन्याला आढावा आणि ठरलेली वाढ लिहिली आहे, आणि सहायकाचे पद पूर्णवेळ करण्याचा प्रस्ताव चौथ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मंडळापुढे आहे.